बोध काय घ्यायचा?

आपल्या लोकांना जेवणानंतर जशी बडीशेप लागते, तसा कुठल्याही गोष्टीनंतर बोध लागतो. त्याशिवाय गोष्ट पचत नाही. याचं मूळ शाळेत आहे. 'या धड्यावरून तुम्ही काय बोध घ्याल?' हा प्रश्न चार मार्कांना हमखास यायचा आणि त्याचं उत्तर धडा न वाचताही देता यायचं. खोटं बोलू नये, आळस करू नये, मोठ्यांचं ऐकावं, यांपैकी काहीही ठोकून दिलं की तीन मार्क खिशात. चौथा अक्षराला. ही सवय पुढं जन्मभर सुटत नाही. माणूस नोकरीला लागतो, निवृत्त होतो, गुडघे बदलून घेतो, पण सिनेमा संपून दिवे लागले की शेजारच्याला विचारतोच, "ते सगळं ठीक आहे हो, पण यातून त्याला सांगायचंय काय?"

माझी तक्रार या प्रश्नाविरुद्ध आहे. इसापाच्या गोष्टीत तो खपून जातो. कारण इसापाच्या लांडग्याला घरी गरोदर बायको नसते, कोकराचा काका नगरपालिकेत नसतो, आणि ओढ्याचं पाणी नक्की कोणी गढूळ केलं याची चौकशी करायला आलेला अंमलदार दोघांकडूनही हप्ता घेत नसतो. एवढं सगळं एका गोष्टीत आलं, की बोध बिचारा दाराबाहेर चपला घालून उभा राहतो आणि हळूच जिना उतरतो. त्याला परत बोलवायला जाऊ नये, असं माझं मत आहे.

हे मत पक्कं झालं ते एका ब्राझीलच्या सिनेमामुळं. त्याचं नाव 'त्रोपा दे एलिते', म्हणजे पोलिसांची निवडक तुकडी. २००७ सालचा. दिग्दर्शक जोझे पाडिल्या. पोर्तुगीज भाषेशी आम्हां मराठी लोकांची ओळख तशी जुनी. पाव, बटाटा, चावी आणि पगार हे चार शब्द आपण तिच्याकडून घेतले आणि त्यांवर साडेचारशे वर्षं संसार चालवला. बाकीचे शब्द मला कळत नाहीत. पण सिनेमा बघता बघता एवढं लक्षात आलं, की रिओ द जानेरोच्या साध्या पोलिसाचंही घोडं पहिल्यांदा पगारापाशीच अडतं, आणि चावी भलत्याच माणसाच्या खिशात असते.

हा सिनेमा भाच्यानं आमच्या टीव्हीवर लावला. प्रेक्षक आम्ही चौघे : मी, आमची ही, भाचा आणि शेजारचे एक गृहस्थ. हे गृहस्थ बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले. जमाखर्चाची बाजू जुळली नाही तर त्यांना रात्री झोप लागत नाही, मग ती दुसऱ्याच्या घरच्या दुधाच्या हिशेबाची का असेना. पडद्यावर पहिला गोळीबार सुरू झाला आणि त्यांनी विचारलं, "यात हिरो कोण?"

"मामा, यात तसा हिरो नाही," भाचा म्हणाला.

"नाही कसा? हिरो नाही तर मग सिनेमा कशाला काढला?"

प्रश्न बिनतोड होता. तेवढ्यात काळा गणवेश घातलेला एक माणूस पडद्यावर आला. गणवेशावर कवटी आणि त्या कवटीत खुपसलेला सुरा. "हा हिरो!" असं म्हणून ऑडिटसाहेब निर्धास्तपणे मागं टेकले. त्यांनी माणूस बरोबर ओळखला होता. ब्राझीलमधल्या लाखो लोकांनीही तोच ओळखला होता.

हा कॅप्टन नासिमेंटो. भूमिका वाग्नर मौरा या नटाची. तुकडीचं नाव 'बोपे'. सुऱ्याची कवटी हे रिओच्या या पोलीसदलाचं खरोखरचं चिन्ह आहे, सिनेमावाल्यांची कल्पना नव्हे. आपल्याकडे पोलिसांच्या बिल्ल्यावर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असतं. त्यांनी सद्रक्षणाय वगळलं आणि खलनिग्रहणायचं चित्र काढलं.

काळ १९९७ सालचा. पोप दुसरे जॉन पॉल रिओला यायचे आहेत. त्यांचा मुक्काम आर्चबिशपांच्या वाड्यात, आणि वाड्याला लागून टेकडीवर फावेला. फावेला म्हणजे डोंगराच्या उतारावर एकमेकींच्या खांद्यावर उभ्या राहिलेल्या घरांची वस्ती. तिथं राज्य चालतं ते गांजा-कोकेन विकणाऱ्या टोळ्यांचं. पोपसाहेबांच्या झोपेत गोळीबाराचा व्यत्यय येऊ नये म्हणून आधीच ती टेकडी साफ करून ठेवायची, असा हुकूम सुटतो. म्हणजे शांतिदूताला शांत झोप लागावी म्हणून महिनोन् महिने रोज रात्री माणसं मारायची. आमच्याकडे मंत्री यायचे असले की रस्त्याच्या कडेचे दगड चुन्यानं रंगवतात. तिथं रंग वेगळा.

पण मला सांगायचंय ते आधीच्या पोलिसांविषयी. 'बोपे' हे खास लोक. साधे पोलीस निराळे. नेतो आणि मातियास हे दोन तरुण मित्र साध्या पोलिसांत नवीन भरती होतात. नेतोला गॅरेजवर नेमतात. तिथल्या गाड्यांची इंजिनं वरिष्ठांच्या कृपेनं वाटा फुटलेली आणि त्या जागी भंगार. मातियासला गुन्ह्यांच्या नोंदी नीट लावायच्या असतात. तो नकाशावर बघतो तर काय, एका ठाण्याच्या हद्दीत सापडलेलं प्रेत रात्रीतून दुसऱ्या हद्दीत जातं, कारण आकडे वाढलेले कोणाला नको असतात. दुसऱ्या हद्दीतले पोलीस ते पुन्हा पहिल्या हद्दीत आणून ठेवतात. मेलेल्या माणसाची ही बदलीची भानगड बघून आम्ही सगळे खो खो हसलो. सर्वांत जास्त ऑडिटसाहेब. थकलेलं कर्ज मार्चअखेरीला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात मुक्कामाला कसं जातं, हे त्यांनी उभी हयात पाहिलेलं होतं.

पुढं हे दोघे मित्र एक उद्योग करतात. आकड्याचा जुगार चालवणाऱ्यांकडून साहेबांना जाणारा हप्ता मधल्यामधे उचलतात आणि त्या पैशांतून सरकारी गाड्या दुरुस्त करतात! आता बोला. चोरीचा पैसा चोरला, चोरांकडूनच चोरला, आणि खर्च केला सरकारी कामावर. "ही एंट्री कुठल्या बाजूला टाकायची?" मी ऑडिटसाहेबांना विचारलं.

"सस्पेन्स अकाउंटला," ते ताबडतोब म्हणाले.

सबंध सिनेमावर याहून चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही. समीक्षक याला 'नैतिक संदिग्धता' म्हणतात. तो शब्द उच्चारतानाच माणसाला सदऱ्याची वरची गुंडी लावावीशी वाटते. सस्पेन्स अकाउंट बरं. त्यात रक्कम नाहीशी होत नाही. नेमकी कोणाच्या नावावर टाकायची ते कळेपर्यंत ती तिथं असते, आणि कधीतरी कोणीतरी विचारणार असतं.

ऑडिटसाहेबांनी पहिली टाळी वाजवली ती पुढच्या एका प्रसंगाला. कॅप्टननं टेकडीवर छापा घातलाय. एक गांजाविक्या मरून पडलाय. तिथंच गांजा घ्यायला आलेला कॉलेजातला एक चांगल्या घरचा पोरगा सापडतो. कॅप्टन त्याचं मानगूट धरून त्याचं तोंड त्या प्रेताच्या जखमेपाशी नेतो आणि विचारतो, याला मारलं कोणी? पोरगा म्हणतो, तुमच्यापैकी कोणीतरी. कॅप्टन त्याला फाडकन लगावतो. मारणारा मी नाही, तू! या धंद्याला पैसा पुरवतोस तू!

टाळी. आणि मला विचाराल तर मुद्दा खोटा नाही. त्या गिऱ्हाइकाच्या नोटेतूनच टेकडीवर बंदूक येते. मातियास पोलिसातली नोकरी सांभाळून कायद्याच्या कॉलेजात जातो. तिथली मुलं वर्गात फुको या फ्रेंच पंडिताच्या शिक्षेवरच्या पुस्तकाची चर्चा करतात, पोलिसांच्या जुलमाबद्दल पोटतिडकीनं बोलतात, आणि सुट्टीत सिगारेटीतून गांजा ओढतात. त्यांतलीच काही टेकडीवर समाजसेवी संस्था चालवतात. ती संस्था चालते टोळीचा म्होरक्या बायानो याच्या मेहेरबानीनं. सगळ्यांना सगळं ठाऊक. संध्याकाळी ही मुलं खाली आपापल्या घरी येतात. लिफ्टनं वर जातात. आमच्या सोसायटीतल्या कोणालाही ही मुलं अनोळखी वाटायचं कारण नाही.

इथपर्यंत कॅप्टनचं बरोबर आहे. आणि घोटाळा इथंच आहे. ज्याचं इथपर्यंत बरोबर, त्याचं पुढंही बरोबरच असणार, अशी आपली समजूत असते. अचूक निदान करणारा डॉक्टर पुढं खाटिकाचा सुरा घेऊन आला तरी आपण म्हणतो, निदान बाकी पक्कं केलं हो!

कॅप्टन काय करतो? प्लास्टिकची पिशवी घेतो आणि माहिती हवी असलेल्या माणसाच्या डोक्यावर आवळून धरतो. श्वास संपत आला की सोडतो. बोललास तर ठीक, नाहीतर पुन्हा पिशवी. ऑडिटसाहेबांनी इथंही टाळी वाजवली, जरा हळू. "दुसरा उपाय काय सांगा?" ते म्हणाले. हा प्रश्न अशा तऱ्हेनं विचारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, आता पिशवी आणायची जबाबदारी आपल्यावर आली.

मग तो मुलगा येतो. पोलीस आले की टोळीला इशारा देणारा एक पोरगा. कॅप्टन त्याच्याकडून माहिती काढतो आणि सोडून देतो. सोडून देतो याचा अर्थ त्या टेकडीवर काय होतो, हे कॅप्टनला पुरतं ठाऊक आहे. टोळीवाले त्याला मारून टाकतात. काही दिवसांनी एक बाई कॅप्टनकडे येते. त्या मुलाची आई. तिला भांडायचं नाही, नुकसानभरपाई नको, चौकशी नको. तिला मुलाचं प्रेत हवंय, पुरायला.

आमची ही तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. मेथी निवडत होती. जुडी खाली ठेवून म्हणाली, "आता वाजवा टाळी."

कोणी वाजवली नाही.

कॅप्टनही तिथंच मोडतो. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत. त्याला छातीत धडधडतं, हात थरथरतात, गोळ्या घेऊन उभा राहतो. त्याला ही नोकरी सोडायचीय. पण आपल्यासारखाच दुसरा तयार केल्याशिवाय सोडता येत नाही. सबंध सिनेमा म्हणजे या वारसाचा शोध आहे. आपल्या जागी बदली माणूस मिळेपर्यंत राजीनामा मंजूर होत नाही, हे नोकरदार माणसाला समजावून सांगायला नको. फक्त इथं चार्ज द्यायचा तो कवटीचा.

आता चष्म्याची गोष्ट. टेकडीवरच्या संस्थेत एक लहान मुलगा येतो. त्याला नीट दिसत नाही, म्हणून अभ्यासात मागं. मातियासच्या ते लक्षात येतं. तो त्याच्यासाठी चष्मा मिळवतो. या सिनेमात कोणी कोणासाठी केलेलं सरळ चांगलं काम बहुधा हे एकच. चष्मा द्यायच्या दिवशी मातियासला नोकरीच्या मुलाखतीला जावं लागतं, म्हणून त्याच्याऐवजी नेतो जातो, आणि टोळीवाले त्याला गोळ्या घालतात. मारल्यावर त्यांना कळतं की हा 'बोपे'चा. मग सूड सुरू होतो. बायानो त्या संस्थेतल्या मुलांनाही जिवंत सोडत नाही. कॉलेजची मंडळी शांततेसाठी मोर्चा काढतात, आणि मातियास त्या शांततेच्या मोर्चात घुसून गांजा विकणाऱ्या वर्गमित्राला बदडून काढतो. वर्गात फुकोवर बोलणारा हा पोरगा आता स्वतः पिशवी हातात धरतो.

शेवटी बायानो सापडतो. जखमी, जमिनीवर पडलेला. तो जीव मागत नाही. एवढंच म्हणतो, तोंडावर मारू नका, घरच्यांना शेवटचं बघता यावं. कॅप्टन मोठी बंदूक मागवतो आणि मातियासच्या हातात देतो. मातियास नेम धरतो. बंदुकीची नळी थेट पडद्यातून आपल्याकडे वळलेली. बार होतो. सिनेमा संपतो. वारस मिळाला.

दिवे लागल्यावर ऑडिटसाहेबांनी तो प्रश्न विचारला. "ते सगळं ठीक आहे हो, पण यातून घ्यायचं काय?"

हा प्रश्न ब्राझीलमध्येही विचारला गेला आणि त्याची दोन उत्तरं निघाली. दोन्ही एकाच मापाची. सिनेमा थिएटरात लागण्याआधीच त्याची प्रत चोरीला गेली आणि रस्त्यारस्त्यावर डीव्हीड्या विकल्या गेल्या. पोलीस आणि चोर यांच्यावरचा सिनेमा लोकांनी चोरून पाहिला आणि पोलिसाला हिरो केलं! कॅप्टनची वाक्यं पोरांच्या तोंडी बसली. त्यांचा बोध : असाच माणूस पाहिजे. दुसऱ्या बाजूला काही समीक्षक म्हणाले, हा सिनेमा पोलिसी छळाची जाहिरात आहे, सरळसरळ फॅसिस्ट आहे. त्यांचा बोध : असा सिनेमाच नको. दोघांचीही चार मार्कांची सोय झाली. पुढं २००८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक, म्हणजे सोनेरी अस्वल, मिळालं. त्या वेळी परीक्षकमंडळाचे अध्यक्ष होते कोस्टा-गाव्रास. लष्करी हुकूमशाहीवर 'झेड'सारखा सिनेमा काढणारा माणूस. त्याला फॅसिझमचा वास येत नसेल असं म्हणायला जरा धाडस लागेल.

दुसऱ्या पक्षाला मी एवढंच सांगेन, की याच पाडिल्यानं २००२ साली 'ओनिबुस १७४' नावाचा अनुबोधपट केला होता. १२ जून २००० रोजी रिओत एका तरुणानं बस अडवून उतारूंना ओलीस धरलं. तासन् तास ते टीव्हीवर दिसत होतं. शेवटी एक ओलीस तरुणी मेली, आणि त्या तरुणाला पकडून पोलिसांच्या गाडीत घातल्यावर तो गाडीतच गुदमरून मेला. हा तरुण लहानपणी रस्त्यावर वाढलेला. १९९३ साली कांदेलारिया चर्चपाशी झोपलेल्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडून आठजणांना मारलं, त्यातून वाचलेला. त्याचं आडनाव नासिमेंटो. पाच वर्षांनी पाडिल्यानं आपल्या कॅप्टनचं आडनावही नासिमेंटोच ठेवलं. एकदा बंदुकीच्या या टोकाकडून पाहिलं, एकदा त्या टोकाकडून. याला जाहिरात म्हणायचं असेल तर म्हणा; पण मग मालाच्या दोन्ही बाजू दाखवणारी जाहिरात मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

पहिल्या पक्षाचं औषध जरा कडू आहे. सिनेमाभर गोष्ट सांगतोय कोण? कॅप्टन. सुरुवातीला ही गोष्ट मातियासची म्हणून लिहिली होती. संकलनाच्या वेळी निवेदन कॅप्टनकडे गेलं. माईक ज्याच्या हातात त्याची सभा. लग्नाच्या वाटाघाटीपासून पुढाऱ्याच्या व्याख्यानापर्यंत हा नियम आहे. जो बोलतो त्याचं आपल्याला पटत जातं, आणि पटता पटता आपण पिशवीपर्यंत पोचतो. मी ऑडिटसाहेबांच्या टाळ्या मोजल्या होत्या. सबंध सिनेमात पाच. त्यांतल्या चार कोणाला तरी मारलं म्हणून होत्या. पाचवी नुसती शिवीला. चष्म्याला एकही नव्हती.

आता कोणी म्हणेल, तिकडचं तिकडं. आपल्याकडे १९८३ साली 'अर्धसत्य' आला. गोविंद निहलानींचा सिनेमा, पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा. त्यातला इन्स्पेक्टर वेलणकर शेवटी रामा शेट्टीचा गळा दाबतो आणि मग पोलीस ठाण्यात जाऊन कबुली देतो. आपल्या लक्षात गळा दाबणं राहिलं. वेलणकरानं त्याआधी कोठडीत एका भुरट्या चोराला मरेस्तोवर मारलं होतं, हे किती जणांना आठवतं? त्या चोराला गाणं नव्हतं, संवाद नव्हते, माईक तर नव्हताच. रिओच्या पोलिसांच्या दप्तरी अनेक वर्षं अशा मृत्यूंसाठी एक तयार रकाना होता : प्रतिकार करताना मृत्यू. आपल्याकडे त्याला चकमक म्हणतात. नाव ऐकून वाटावं काहीतरी चमकलं.

पाडिल्याला हे प्रेक्षकांचं सगळं माहीत होतं याचा पुरावा पुढच्या भागात आहे. २०१० साली त्यानं दुसरा भाग काढला. ब्राझीलमध्ये त्याची एक कोटीहून अधिक तिकिटं खपली. त्यात तुरुंगात दंगल होते. 'बोपे' आत शिरते आणि माणसं मारली जातात. कॅप्टनची नोकरी जाणार अशी वेळ येते. तेवढ्यात तो एका उंची हॉटेलात जातो, आणि जेवायला बसलेली सगळी सभ्य माणसं उठून टाळ्या वाजवतात! राज्यपाल ते हेरतात. टाळ्या म्हणजे मतं. कॅप्टनला काढायच्या ऐवजी बढती मिळते. ऑडिटसाहेबांची टाळी पाडिल्यानं अशी आधीच पडद्यावर घालून ठेवली होती. काटे-चमचे, नॅपकिन यांसकट.

आणि बढतीनंतर होतं काय? कॅप्टनच्या मेहनतीनं टेकड्यांवरून गांजावाले हटतात. त्यांच्या जागी येतात पोलिसच. मिलिशिया म्हणतात त्यांना. ते गॅसच्या सिलिंडरवर पैसे घेतात, केबलवर घेतात, वस्तीत चालणाऱ्या व्हॅनवर घेतात, आणि संरक्षणाचे निराळे. गांजा विकायची कटकटच नाही. निवडणुकीला मतं गोळा करून देतात ती जोडधंदा म्हणून. मातियास मरतो तो या पोलिसांच्या गोळीनं. कॅप्टनला तेव्हा कळतं, की आपण झाडू होतो आणि खोली दुसऱ्या कोणाला भाड्यानं द्यायची होती.

हा पटकथालेखकाचा तिखटमीठ लावलेला मसाला नव्हता. रिओच्या विधानसभेनं २००८ साली या मिलिशियांची चौकशी केली होती. समितीचे अध्यक्ष होते आमदार मार्सेलो फ्रेयशो. दुसऱ्या भागात मानवी हक्कवाला जो प्राध्यापक आहे, कॅप्टन ज्याची टर उडवतो आणि शेवटी ज्याच्याच समितीपुढं साक्ष द्यायला उभा राहतो, तो यांच्यावरूनच घेतलेला. फ्रेयशोंच्या कचेरीत मारिएल फ्रांको नावाची एक बाई काम करत असे. फावेलात जन्मलेली. ती पुढं रिओची नगरसेविका झाली आणि पोलिसी हिंसेविरुद्ध बोलत राहिली. १४ मार्च २०१८ रोजी तिला आणि तिच्या ड्रायव्हरला भर शहरात गाडीतच गोळ्या घातल्या. त्याबद्दल २०२४ साली दोघांना शिक्षा झाली. दोघेही माजी पोलीस.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी रिओच्या पेन्या आणि अलेमाव या वस्त्यांत पोलीस शिरले. एका दिवसात शंभराहून अधिक माणसं मेली. त्यांत चार पोलीस होते. वस्तीतल्या लोकांनी रानातून प्रेतं आणून चौकात ओळीनं मांडली. नंतर ज्या पाहण्या झाल्या, त्यांत रिओतल्या बहुसंख्य लोकांनी या कारवाईला पाठिंबा दिला. त्यांत फावेलात राहणारेही होते. त्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्याच्या दारात रोज टोळीवाला बंदूक घेऊन उभा असतो, त्याला मी इथून चहाचा कप हातात धरून मानवतेचे पाठ द्यायचे, हे शोभत नाही. टोळीचा जुलूम खरा आहे. त्याची भीती खरी आहे. तरी त्या ओळीतली प्रेतं ओळखायला आलेल्या आयाही खऱ्याच होत्या. या दोन खऱ्या गोष्टींची वजाबाकी होत नाही. शून्य उरत नाही.

म्हणून माझं भांडण बोधाशी. बोध काढायचा म्हणजे यातली एक गोष्ट पुसून टाकायची. 'अशीच माणसं पाहिजेत' म्हणणारा त्या आईला पुसतो. 'पोलीस तेवढे वाईट' म्हणणारा नेतोला आणि चष्म्याला पुसतो. आणि तिसरा एक शहाणा असतो. तो चष्मा पुसत म्हणतो, "सगळेच दोषी आहेत हो, व्यवस्थाच तशी!" हा तर सर्वांत लबाड. सगळेच दोषी म्हटलं की कोणाच्याच नावावर काही टाकावं लागत नाही. सिनेमा तसं म्हणत नाही. पिशवी कोणी आवळली, हप्ता कोणी घेतला, गांजा कोणी विकत घेतला, प्रेत कोणी हलवलं, हे तो नावानिशी दाखवतो. बेरीज तेवढी करून देत नाही.

ऑडिटसाहेबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाकी त्यांना बेरीज न केलेला कागद समोर ठेवलेला खपत नाही. म्हणाले, "म्हणजे शेवटी निष्कर्ष काहीच नाही?"

"आहे ना," मी म्हटलं. "पाच टाळ्या झाल्यात. त्या कोणाच्या खाती टाकायच्या ते सांगा."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग भाच्याकडे वळून म्हणाले, "याचा दुसरा भाग आहे म्हणालास ना? लाव." आणि हीला म्हणाले, "वहिनी, ती मेथी द्या इकडं थोडी. हाताला काहीतरी काम असलेलं बरं."